मुलाचा ताबा कोणाकडे? न्यायालय ‘मुलाचं हित’ कसं ठरवतं याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्फोटाचा विषय निघाला की आई आणि वडील दोघंही वकिलाला विचारतात, “मूल मला मिळेल ना?” न्यायाधीशाला मात्र वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. हे मूल कोणाजवळ आणि कोणत्या व्यवस्थेत नीट वाढेल? हे दोन प्रश्न एकच आहेत असं समजून पालक खटला लढवतात आणि वर्षं घालवतात. म्हणून ही प्रश्नोत्तरं, मुख्यतः भारतातल्या, आणि त्यातही महाराष्ट्रातल्या पालकांसाठी. ही सर्वसाधारण माहिती आहे. तुमच्या प्रकरणाचे कागद पाहून दिलेला सल्ला वेगळा असू शकतो.

‘मुलाचं हित’ म्हणजे न्यायालय नेमकं काय पाहतं?

सुरुवात १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमापासून होते. त्याच्या कलम १७ नुसार न्यायालयाने मुलाचं वय, लिंग, धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत, मुलाशी असलेलं नातं, दिवंगत आई किंवा वडिलांनी काही इच्छा सांगून ठेवली असेल तर ती, आणि आजवरचे संबंध, हे सगळं लक्षात घ्यायचं असतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचं कलम १३ आणखी स्पष्ट बोलतं: मुलाचं कल्याण हाच सर्वांत महत्त्वाचा विचार, आणि ते ज्याच्यामुळे साधणार नाही त्याला या कायद्याच्या किंवा विवाहाच्या आधारे पालकत्वाचा हक्क सांगता येणार नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात तर ‘बालकाचं सर्वोत्तम हित’ याची व्याख्याच आहे. तीत मुलाच्या मूलभूत गरजा आणि हक्क, त्याची ओळख, सामाजिक स्वास्थ्य आणि शारीरिक, भावनिक व बौद्धिक वाढ हे सगळं येतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही कलम ३ मध्ये हेच तत्त्व आहे, आणि भारताने तो करार डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला.

प्रत्यक्षात हे सगळं मुलाच्या रोजच्या दिवसावर येऊन ठेपतं. सकाळी त्याला शाळेसाठी कोण उठवतं? ताप आला की सुट्टी कोण घेतं? लसीकरणाचं कार्ड कोणाकडे आहे, वर्गशिक्षिका अडचण आली की कोणाला फोन करतात? अंधाराची भीती वाटली की ते कोणाच्या खोलीत जातं? दोन्ही बाजूंच्या अर्जांत एकमेकांचे दोष पानोपानी लिहिलेले असतात, पण या प्रश्नांची उत्तरं बहुतेकदा नसतात. माझ्या मते पालकाने वकिलाकडे जाण्याआधी या प्रश्नांची उत्तरं प्रामाणिकपणे एका कागदावर लिहून काढावीत.

ताबा आणि पालकत्व यांत फरक काय?

ताबा म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहणार. पालकत्व त्याहून मोठं आहे: मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा, त्याची मालमत्ता सांभाळण्याचा कायदेशीर अधिकार. ताबा एकाकडे आणि पालकत्वाचे काही अधिकार दुसऱ्याकडे, असं होऊ शकतं. मूल १८ वर्षांचं झालं की दोन्ही प्रश्न संपतात.

कायद्यात वडील हेच नैसर्गिक पालक आहेत. मग त्यांचा हक्क आधी नाही का?

१९५६ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असे शब्द आहेत, हे खरं. पण गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये या ‘नंतर’चा अर्थ वडिलांच्या मृत्यूपुरता मर्यादित ठेवला नाही. वडील मुलाच्या बाबतीत गैरहजर असतील, लक्ष घालत नसतील, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते. ताब्याच्या वादात तर कलम ६ सुद्धा कलम १३ च्या खालीच राहतं. ‘मी नैसर्गिक पालक आहे’ एवढ्या एका वाक्यावर आज ताबा मिळत नाही.

लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत आई ही पहिली नैसर्गिक पालक. अविवाहित आईने पालकत्वासाठी अर्ज केला तर मुलाच्या वडिलांचं नाव उघड करण्याची किंवा त्यांना नोटीस देण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं.

मूल पाच वर्षांखालचं असेल तर ते आईलाच मिळतं ना?

साधारणपणे हो. कलम ६ मध्येच तसं म्हटलं आहे, आणि ‘साधारणपणे’ हा शब्दही कायद्यातलाच आहे. २०१५ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की एवढ्या लहान मुलाचा ताबा आईकडे असणं मुलाच्या हिताचं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर आहे. आईने आपली लायकी सिद्ध करत बसायचं नाही.

पण पाचवा वाढदिवस झाला म्हणून मूल आपोआप वडिलांकडे जातं, हा समज चुकीचा आहे. पाच वर्षांनंतर कोणाच्याच बाजूने गृहीतक उरत नाही. तेव्हा आजवर मूल कोणाजवळ राहिलं, तिथे ते कसं आहे, ही व्यवस्था मोडण्याचं काही कारण आहे का, हे पाहिलं जातं.

माझा पगार जास्त आहे, स्वतःचं घर आहे. तरी मूल दुसऱ्याकडे कसं?

कारण पैशांची तफावत पोटगीने भरून काढता येते. सहवासाची येत नाही.

२०२२ मधला एक निकाल यासाठी सांगण्यासारखा आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आई-वडील दोघंही गेलेल्या, सहाएक वर्षांच्या मुलाच्या ताब्यासाठी वडिलांकडचे आजी-आजोबा आणि मावशी यांच्यात वाद होता. गुजरात उच्च न्यायालयाने मावशीकडे ताबा दिला. तिचं वय कमी, सरकारी नोकरी, घरात माणसं, अशी कारणं होती. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बदलून मूल आजी-आजोबांकडे दिलं. उत्पन्न आणि वय हे एकमेव निकष होऊ शकत नाहीत, आजी-आजोबा नातवाला नीट सांभाळू शकणार नाहीत असं गृहीत धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मुलाचा ओढाही त्यांच्याकडे होता.

याचा अर्थ आर्थिक स्थैर्याला काहीच किंमत नाही असा नाही. मुलाला सुरक्षित छप्पर, नियमित शाळा, वेळेवर औषधपाणी मिळणार की नाही हे न्यायालय विचारतंच. त्या पातळीच्या वर कोण किती श्रीमंत आहे, याने मात्र फारसा फरक पडत नाही.

नोकरी करणारी आई मुलाकडे लक्ष देऊ शकत नाही, असं सासरचे म्हणतात.

नोकरी हा दोष नाही. आईची नाही, वडिलांचीही नाही. तुम्ही कामावर असताना मूल कोणाजवळ असतं, ती व्यवस्था किती काळापासून आहे आणि मुलाला ती सवयीची आहे का, एवढं सांगता आलं पाहिजे.

न्यायाधीश मुलाला विचारतात का? कितव्या वर्षापासून?

वयाची रेषा कायद्यात नाही. कलम १७ मधले शब्द असे आहेत की समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. एखादं आठ वर्षांचं मूल स्वच्छ बोलतं, एखादं बारा वर्षांचंही गोंधळलेलं असतं. म्हणून न्यायाधीश आधी मुलाशी शाळा, मित्र, आवडता खेळ याबद्दल बोलतात आणि त्याची समज जोखतात. हे संभाषण भरकोर्टात होत नाही, न्यायाधीशांच्या दालनात होतं, आई-वडील आणि वकील बाहेर थांबतात. कुटुंब न्यायालयात अनेकदा विवाह समुपदेशक आधी मुलाला भेटतात आणि अहवाल देतात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने वैद्यकीय आणि कुटुंबकल्याण क्षेत्रातल्या तज्ज्ञांची मदत घेण्याची सोय ठेवली आहे. बालमानसोपचारतज्ज्ञाचं मत त्यातूनच मागवलं जातं.

मुलाने सांगितलं म्हणून तसाच निकाल, असं होत नाही. पसंती हा एक घटक आहे. ती कुठून आली, हेही पाहिलं जातं. ‘तिकडे अभ्यास करायला लावतात’ हे कारण आणि ‘तिकडे मला रात्री एकटं ठेवतात’ हे कारण, यांचं वजन सारखं नाही.

इथे पालकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. मुलाला पढवू नका. “जजकाकांनी विचारलं तर सांग…” अशी वाक्यं मूल जशीच्या तशी दालनात म्हणतं, आणि ती त्याच्या वयाची नाहीत हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. त्यातून तुमची बाजू कमजोर होतेच. पण खरं नुकसान मुलाचं होतं, कारण आपण आईला किंवा बाबांना दगा दिला ही भावना ते घेऊन घरी जातं. भेटीला जाण्यापूर्वी एवढंच सांगा: “तुला जे वाटतं ते बोल. काहीही बोललास तरी आम्ही रागावणार नाही. निर्णय तू घ्यायचा नाहीयेस, तो मोठी माणसं घेतील.”

मूल दुसऱ्या पालकाला भेटायलाच तयार नाही. मी काय करू?

सगळ्यांत अवघड प्रश्न हा आहे, आणि याची दोन टोकांची उत्तरं दोन्हीकडून मिळतात. एक पालक म्हणतो, “त्याची इच्छाच नाही, मी जबरदस्ती कशी करू?” दुसरा म्हणतो, “तूच त्याचे कान भरलेस.” कधी पहिला खरा असतो, कधी दुसरा. बऱ्याचदा दोघंही थोडे थोडे.

नकाराची कारणं अनेक असतात. मुलाने घरात मारहाण पाहिलेली असते. किंवा ते ज्याच्याजवळ राहतं त्याचा चेहरा भेटीच्या दिवशी उतरतो, आणि त्या चेहऱ्याला जपण्यासाठी ते भेट नाकारतं. कधी न्यायालयाच्या खोलीत, अनोळखी लोकांसमोर, वर्षभराने दिसलेल्या बाबांशी काय बोलावं हेच त्याला कळत नाही. किशोरवयीन मुलाला शनिवारी मित्रांबरोबर खेळायचं असतं, एवढंही कारण असू शकतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात, एका पालकाने दुसऱ्याविरुद्ध मुलाचं मन कलुषित करण्याच्या परिणामांची दखल घेतली होती. त्यानंतर ‘पेरेंटल एलिएनेशन’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक अर्जात येऊ लागला. २०२४ मध्ये न्यायालयाने सावध केलं: असा शिक्का घाईने मारू नका, मन कलुषित करणारं विशिष्ट वर्तन कोणतं घडलं ते आधी दाखवा. मला हे योग्य वाटतं. शिक्का मारला की मुलाचा खरा आवाज ऐकण्याची दारं बंद होतात, आणि खरोखर भीती वाटणाऱ्या मुलालाही ‘पढवलेलं’ ठरवलं जातं.

म्हणून भेट टाळू नका, आणि मुलाला ओढूनही नेऊ नका. मूल नाही म्हणतं हे न्यायालयाला लगेच कळवा, समुपदेशन मागा, भेटीची जागा आणि वेळ बदलून मागा. सुरुवातीला समुपदेशकासमोर अर्धा तास, मग बागेत दोन तास, असं हळूहळू वाढवता येतं. आदेश असताना गप्प बसून भेटी बुडवल्या, तर पुढे त्या तुमच्याविरुद्ध मोजल्या जातात.

ताबा मिळाला नाही तर भेटीचे हक्क किती मिळतात?

ठरलेला तक्ता नाही. आठवड्याच्या शेवटी काही तास, महिन्यातले काही शनिवार-रविवार मुक्कामासह, उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी अर्धी अर्धी, वाढदिवस वाटून, असे आदेश सर्रास दिसतात. तान्ह्या मुलासाठी थोड्या वेळाच्या पण वारंवार भेटी बऱ्या. मोठ्या मुलाला कमी वेळा पण मुक्कामाच्या भेटी मानवतात. मुंबई उच्च न्यायालयाने भेटी आणि ताब्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आणि पालकत्व आराखड्याचा नमुना मान्य केलेला आहे. तो वकिलाकडून मागून घ्या आणि वाचा. काय काय ठरवावं लागतं याची कल्पना येते: शाळेचं प्रगतिपुस्तक कोणाला, आजारपणात कोणाला कळवायचं, सहलीची परवानगी कोण देणार.

प्रत्यक्ष भेटीखेरीज संपर्काचा हक्कही आहे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खास कारण नसेल तर, ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, आणि व्हिडिओ कॉल हा त्यासाठी चांगला मार्ग आहे. आदेशात फोनची वेळ लिहून घ्या. ‘सोयीनुसार’ असं लिहिलं की वाद तिथूनच सुरू होतो.

त्याने मला मारहाण केली, मुलाला कधी हात लावला नाही. मग ताब्याशी त्याचा संबंध काय?

मोठा संबंध आहे. आईला मार खाताना पाहणारं मूल सुरक्षित घरात वाढत नसतं. जखम त्याच्या अंगावर नसली तरी भीती त्याच्या झोपेत, अभ्यासात, बोलण्यात उतरते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २१ नुसार दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा अर्ज करणाऱ्या स्त्रीकडे देऊ शकतात, आणि भेटीने मुलाचं अहित होईल असं वाटलं तर भेट नाकारूही शकतात. मधला मार्ग म्हणजे देखरेखीखालची भेट. ती न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकाच्या उपस्थितीत होते.

२००८ मधल्या एका प्रकरणात आईच्या मृत्यूबद्दल वडिलांवर फौजदारी खटला चालू होता आणि मूल आजोळी वाढत होतं. खालच्या न्यायालयांनी ताबा वडिलांकडे दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुलाला बोलावून स्वतः त्याच्याशी बोलणं केलं, त्याला आजी-आजोबांजवळच राहायचं होतं. पालक होऊ पाहणाऱ्याचं चारित्र्य तपासताना असा खटला दुर्लक्षून चालणार नाही, असं सांगून मूल आजोळीच ठेवलं.

मुलावर अत्याचाराचा आरोप असेल तर तो तपासला जाईपर्यंत न्यायालय मुलाच्या सुरक्षेच्या बाजूला झुकतं. म्हणूनच असा आरोप हत्यार म्हणून करणं भयंकर आहे. खोटा ठरला तर ज्याने केला त्याच्यावर उलटतो, आणि तोवर मूल पोलीस, डॉक्टर, न्यायालय अशा चौकशांमधून गेलेलं असतं.

तिचे बाहेर संबंध आहेत. हे सिद्ध केलं तर ताबा मला मिळेल?

त्यावरून एकट्याने नाही. घटस्फोटाच्या खटल्यात त्याला महत्त्व असेल. ताब्याच्या प्रश्नात न्यायालय विचारतं की यामुळे मुलाकडे दुर्लक्ष झालं का, त्याला धोका झाला का. वाईट बायको म्हणजे वाईट आई नव्हे, आणि पुरुषांच्या बाबतीतही तेच. चॅटचे स्क्रीनशॉट जमवण्यात दोन वर्षं घालवलेल्या माणसाला मुलाच्या वर्गशिक्षिकेचं नाव सांगता येत नसेल, तर त्याची बाजू दुबळीच राहते.

दुसरं लग्न केलं तर ताबा जातो का?

आपोआप जात नाही. नव्या घरात मुलाला कसं वागवलं जातं, हे पाहिलं जातं.

आजी-आजोबांना काही हक्क आहे का?

नातवंडाला भेटण्याचा हक्क देणारं वेगळं कलम त्यांच्यासाठी नाही. पण मुलाचं हित हाच निकष असल्यामुळे, ज्या आजीने लहानपणापासून सांभाळलं तिच्यापासून मूल तोडणं योग्य नाही असं न्यायालयाला वाटलं तर भेटीचा आदेश मिळतो. आई किंवा वडील हयात आणि लायक असतील, तर ताबा शक्यतो त्यांच्याकडेच जातो.

भावंडांनाही शक्यतो वेगळं करत नाहीत. मोठा मुलगा वडिलांकडे आणि धाकटी आईकडे, अशी वाटणी पालकांना सोयीची वाटते, पण घर मोडल्यानंतर त्या दोघांना एकमेकांचाच आधार उरलेला असतो.

संयुक्त ताबा मिळतो का?

मिळू शकतो. त्यासाठी केंद्रीय कायद्यात सविस्तर तरतूद मात्र नाही. विधी आयोगाने मे २०१५ मधल्या आपल्या २५७ व्या अहवालात तशी सुधारणा सुचवली होती. तोवर न्यायालयं संमतीच्या अटींतून किंवा आदेशातून अशी व्यवस्था करतात.

दोन्ही घरं जवळ असतील, शाळा एकच राहणार असेल आणि आई-वडील निदान मुलाबद्दल तरी एकमेकांशी बोलू शकत असतील, तर ही व्यवस्था चांगली चालते. यातलं तिसरं नसेल तर मी ती सुचवणार नाही. दर आठवड्याला दप्तर घेऊन भांडणाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणं मुलाला झेपत नाही.

मी शाळेत गेले तर कळलं, तो मुलाला घेऊन गावी निघून गेला. आता?

उशीर करू नका. मूल जिथे सामान्यतः राहत होतं तिथल्या न्यायालयात १८९० च्या कायद्याखाली अर्ज करता येतो आणि त्यातच तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो. मूल रातोरात हलवल्याने त्याचं ‘सामान्य निवासस्थान’ बदलत नाही. मुलाला बेकायदा डांबून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस याचिकाही (डांबून ठेवलेल्याला न्यायालयासमोर हजर करा, असं मागणारी) करता येते. ज्याने मूल ठेवलं आहे त्याला तसा कायदेशीर अधिकार नसेल तर ताब्याच्या प्रकरणातही ही याचिका चालते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. तिथे आईच्या निधनानंतर मूल आजोळच्या नातेवाइकांकडे होतं आणि ते वडिलांकडे देण्यात आलं.

उशीर का नको, याचं कारण साधं आहे. सहा महिन्यांत मूल नव्या शाळेत रुळतं. मग तिथून हलवणं हेच त्याच्या अहिताचं होऊन बसतं.

मूल परदेशातून भारतात आणलं आहे. तिकडच्या न्यायालयाचा आदेश इथे लागू होतो का?

आंतरराष्ट्रीय बालअपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे मूल तत्काळ परत पाठवण्याचं बंधन आपल्या न्यायालयांवर नाही. परदेशी आदेशाची दखल घेतली जाते, पण तो एक घटक म्हणून. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अंतिम कसोटी मुलाच्या हिताचीच. मूल तिथे किती वर्षं राहिलं, इथे कधी आलं, कोणती भाषा बोलतं, परत गेल्यावर सोबत कोण असेल, यावर निर्णय फिरतो.

उलट दिशेनेही तेच. २०१० च्या एका प्रकरणात आईला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली आणि तिला मुलाला सोबत न्यायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, वडिलांच्या भेटींची व्यवस्था कायम ठेवून.

आम्ही हिंदू नाही. आम्हाला हेच नियम का?

वैयक्तिक कायदे वेगळे आहेत. हनफी मुस्लिम कायद्यात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत ताबा आईकडे असतो, त्याला हिजानत म्हणतात. ख्रिस्ती, पारशी आणि विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्या जोडप्यांसाठी त्यांच्या त्यांच्या विवाह कायद्यांत ताब्याची कलमं आहेत. १८९० चा कायदा मात्र सर्वांना लागू आहे, आणि वैयक्तिक कायद्याचा नियम एकीकडे व मुलाचं हित दुसरीकडे असं झालं तर न्यायालयं हिताच्या बाजूने उभी राहत आली आहेत.

मला मुलाला भेटू देत नाहीत. मी पोटगी थांबवली तर?

नका थांबवू. पोटगी मुलाच्या जेवणाची, फीची, औषधाची आहे. भेट अडवणाऱ्या पालकाला तुम्ही त्यातून शिक्षा करत नाही. भेट मिळत नसेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करा. आणि दुसऱ्या बाजूला, पोटगी थकली म्हणून भेट अडवणंही तितकंच चुकीचं आहे. आई-वडिलांनी आपसांत लिहून घेतलं तरी मुलाचा पोटगीचा हक्क त्याने संपत नाही.

नोव्हेंबर २०२० पासून दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार खटला चालू असतानाचा, मुलाच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढायचा असतो. वास्तवात वेळ जास्त लागतो, म्हणून ही मुदत वकिलामार्फत न्यायालयाच्या लक्षात आणून द्यावी.

एकदा निकाल लागला की तो कायमचा का?

नाही. मूल वाढतं, गरजा बदलतात, माणसं बदलतात. तीन वर्षांच्या मुलासाठी केलेली व्यवस्था तेराव्या वर्षी चालेलच असं नाही. परिस्थितीत खरा बदल झाला असेल तर आदेश बदलून मागता येतो, अगदी संमतीने झालेला असला तरी. १९७३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं, आणि त्याच निकालात मुलं ही आई-वडिलांची मालमत्ता नाहीत, खेळणीही नाहीत, असंही म्हटलं. नुसता निकाल आवडला नाही, हे कारण पुरत नाही. त्यासाठी अपील आहे. कुटुंब न्यायालयाच्या अंतिम निकालावर उच्च न्यायालयात ३० दिवसांत अपील करावं लागतं.

खटला चालू असताना मी काय करू नये?

मुलाचे रडतानाचे व्हिडिओ काढू नका. त्याला निरोप्या करू नका. “बाबांना सांग फी भरायला” हे काम त्याचं नाही. समाजमाध्यमांवर एक ओळही लिहू नका. शाळेत जाऊन शिक्षकांना साक्षीला ओढू नका, कारण उद्या त्याच वर्गात मुलाला बसायचं असतं. आणि तारखेला जाताना शक्यतो त्याला सोबत नेऊ नका, न्यायालयाने बोलावलं असेल तरच.

अर्ज कुठे करायचा? वकील लागतोच का?

तुमच्या शहरात कुटुंब न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात. कुटुंब न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा असं कायदाच सांगतो, म्हणून सुरुवातीला समुपदेशकांकडे पाठवतात. तिथे जे ठरतं ते टिकतं, असा अनुभव आहे. तेव्हा ती भेट उरकून टाकू नका. दोघांपैकी एकानेही मागितलं तरी कामकाज बंद दालनात चालवावं लागतं.

वकिलामार्फतच बाजू मांडण्याचा हक्क कुटुंब न्यायालयात आपोआप मिळत नाही, न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते. वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. पुरुषांना तो सहसा उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा; ते बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. जाताना मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा प्रगतिपुस्तक, लसीकरण आणि औषधोपचाराचे कागद, लग्नाचा पुरावा आणि आधीचे कुठलेही आदेश असतील तर त्यांच्या प्रती सोबत ठेवा. अर्जात मूल अंतिमतः कोणाकडे राहावं एवढंच मागू नका. निकाल लागेपर्यंतच्या भेटी, फोन, फी आणि सुट्ट्या यांची अंतरिम मागणी पहिल्याच दिवशी वेगळ्या अर्जाने करा.